घरची वही आणि परका मुक्काम

भाईंदर स्थानक मागे पडून लोकल खाडीच्या पुलावर आली, की वसईकर प्रवाशाचा हात एके काळी नकळत खिशातील भ्रमणध्वनीकडे जात असे. १९९५ साली आपल्या देशात भ्रमणध्वनी आला, तेव्हा केंद्र सरकारने परवान्यांसाठी देशाची क्षेत्रे पाडली होती. मुंबई, नवी मुंबई व कल्याण यांचे एक क्षेत्र झाले. उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या क्षेत्रात गेला. वसई या दुसऱ्या क्षेत्रात आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वसईने मुंबईला दूध, फुले आणि भाजीपाला पुरविला, त्या वसईचा माणूस दादरच्या बाजारात उतरला की दूरसंचाराच्या हिशेबात परका ठरू लागला. ‘रोमिंग’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना शिकविला तो या खाडीनेच. आलेला फोन घ्यावा की घरी पोहोचल्यावर बोलावे, असा विचार करीत पूल ओलांडल्याचे आम्हांसही स्मरते, कारण परक्या क्षेत्रात असताना आलेल्या फोनचेही पैसे पडत.

लहरींना खाडी ठाऊक नसते, परवान्याला असते. पुढे दर उतरत गेले, आणि २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचा वेगळा आकार घेणेच सोडून दिले. तो सल आता राहिला नाही. परंतु त्या काळी पैशांच्या त्राग्यात एका मोठ्या नवलाकडे आपणा सर्वांचे दुर्लक्ष झाले, असे आम्हांस वाटते. आपण पलीकडच्या जाळ्यात शिरलो आहोत हे त्या जाळ्याला कळत होते. आपण कोठले, हे त्याला ठाऊक होते. आणि आपल्याला फोन करणाऱ्या माणसाला मात्र आपण कोठे आहोत याची काहीच कल्पना नसताना त्याचा फोन अचूक आपल्यापाशी येत होता. हे कसे घडते, आणि ही व्यवस्था प्रथम कोणी रचली, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

हा इतिहास सांगण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका वहीकडे वळावे लागते. मूल जेथे स्नानसंस्कार घेते तेथील नोंदवहीत त्याचे नाव लिहिले जाते. ते मूल मोठे होऊन दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या देशात, विवाहबद्ध झाले तर तेथील धर्मगुरू त्या विवाहाची खबर मूळ धर्मग्रामाला कळवितात आणि त्या जुन्या नोंदीच्या समासात तिची भर पडते. १९०७ साली पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत निघालेल्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने हा नियम सर्वत्र बंधनकारक केला. १९८३ च्या धर्मसंहितेतही तो कायम आहे. माणूस जगभर फिरो, त्याची मूळ वही जागची हलत नाही. तो कोठे आहे याचा शोध सगळ्या जगात घ्यावा लागत नाही, एका वहीला विचारले की पुरते. भ्रमणध्वनीच्या अभियंत्यांनी आपली वही पाहून आपली रचना केली असा आमचा दावा मुळीच नाही. पण त्यांची रचना समजून घ्यावयास आपल्याइतकी तयारी फार थोड्या वाचकांची असेल.

मोटारीतून टेलिफोनवर बोलण्याची सार्वजनिक सोय प्रथम अमेरिकेत, सेंट लुई शहरात, १९४६ साली बेल कंपनीने सुरू केली. यंत्राचे वजन सुमारे छत्तीस किलो. मार्गिका मोजक्याच, एक जण बोलू लागला की दुसऱ्याने ताटकळावे. शिवाय मोटारवाला कोणत्या शहराच्या टप्प्यात आहे हे फोन करणाऱ्याला आधी माहीत असावे लागे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. एका उंच मनोऱ्यावरून सारे शहर व्यापण्याऐवजी शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्‌कोनी भाग पाडावे, प्रत्येक भागाला लहान मनोरा द्यावा, आणि दूरदूरच्या भागांत त्याच त्या लहरी पुनःपुन्हा वापराव्या, अशी ती कल्पना होती. या भागांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात, म्हणून तो सेलफोन.

या कल्पनेने गर्दीचा प्रश्न सुटला, पण लहान घरांमुळे नवाच प्रश्न उभा राहिला. बोलता बोलता मोटार एका भागातून दुसऱ्या भागात गेली तर? संभाषण न तुटता ते एका मनोऱ्याने दुसऱ्याच्या हाती सोपविले पाहिजे. या सोपवणुकीची अदलाबदल करणारी यंत्रणा बेलच्याच एमॉस जोएल यांनी रचली. तिचे पेटंट १९७२ सालचे आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागोत अमेरिकेची पहिली व्यापारी सेल-सेवा सुरू झाली.

एवढे करूनही अमेरिकेने प्रवाशाची वही मात्र केली नव्हती. शिकागोचा माणूस दुसऱ्या शहरी गेला तर त्याला फोन करणाऱ्याने आधी त्या शहरातील पाहुण्यांसाठी ठेवलेला एक खास क्रमांक फिरवायचा आणि मग त्या माणसाचा क्रमांक द्यायचा, अशी रीत तेथे काही वर्षे चालू होती. म्हणजे, तो कोणत्या शहरी आहे हे पुन्हा फोन करणाऱ्यालाच माहीत हवे! सोपवणूक एका शहरापुरती होती. एकाच मालकाच्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे निराळे आणि परक्याच्या दारी जाऊन ओळख पटविणे निराळे.

हे दुसरे काम प्रथम जमले ते उत्तर युरोपातील थंड, विरळ वस्तीच्या देशांना. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या टेलिफोन खात्यांनी १९६९ साली एक संयुक्त गट स्थापन केला. हे नॉर्डिक देशच का? आमच्या मते त्याचे कारण तंत्रापेक्षा समाजात अधिक आहे. १९५० च्या दशकापासूनच या देशांचे नागरिक पासपोर्टविना एकमेकांकडे ये-जा करीत होते. स्वीडनमधील कामगार डेन्मार्कात, फिनलंडमधील स्वीडनमध्ये, हे नेहमीचेच होते. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रकचालक एका दिवसात सीमा ओलांडी. अशा माणसाला प्रत्येक सीमेवर नवा टेलिफोन घ्यावयास सांगणे त्या खात्यांनाच विचित्र वाटले असावे. खाती सरकारी होती, एकमेकांची स्पर्धक नव्हती, आणि एकमेकांचे हिशेब मानण्याची त्यांना सवय होती.

त्यांच्या रचनेत प्रत्येक ग्राहकाला एक ‘घरचे’ टेलिफोन केंद्र असे. ग्राहक दुसऱ्या केंद्राच्या हद्दीत गेला की त्याचे यंत्र आपणहून तेथे हजेरी लावी. ते केंद्र घरच्या केंद्राला कळवी, की तुमचा माणूस आमच्याकडे आला आहे. यापुढे त्याला येणारा प्रत्येक फोन प्रथम घरच्या केंद्राकडे जाई आणि तेथून पाहुणचार करणाऱ्या केंद्राकडे वळविला जाई. फोन करणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. ऑक्टोबर १९८१ मध्ये ही सेवा स्वीडनमध्ये सुरू झाली, त्याच वर्षी नॉर्वेत आणि पुढल्या वर्षी डेन्मार्क व फिनलंडमध्ये. गंमत अशी, की याच पद्धतीचे जाळे स्वीडनच्याही एक महिना आधी सौदी अरेबियात सुरू झाले होते! सीमा ओलांडून आपोआप माग काढणारी जगातील ही पहिली व्यवस्था.

उरलेल्या युरोपात तेव्हा काय होते? ब्रिटनची एक पद्धत, जर्मनीची दुसरी, फ्रान्सची तिसरी, इटलीची चौथी. मोटार सीमेपार गेली की फोन म्हणजे निव्वळ ओझे. १९८२ साली युरोपीय टपाल-तार खात्यांच्या परिषदेने सर्वांसाठी एकच पद्धत ठरविण्याकरिता एक गट नेमला. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तो जीएसएम म्हणून ओळखला जाऊ लागला. अध्यक्ष झाले थॉमस हॉग, स्वीडनच्या टेलिफोन खात्यातले. नॉर्डिक अनुभव असा थेट सर्व युरोपच्या मसलतीत आला. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे तेरा देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी या पद्धतीच्या व्यापारी जाळ्यावरील पहिला फोन केला, आणि १९९२ साली फिनलंड व ब्रिटनमधील दोन कंपन्यांत रोमिंगचा पहिला करार झाला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीतील सुखराम यांच्याशी बोलले, ते याच पद्धतीच्या जाळ्यावरून.

या पद्धतीत वह्या दोन. एक घरची, तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव एचएलआर. दुसरी पाहुण्यांची, व्हीएलआर. समजा, नंदाखालच्या एका आईने कुवेतमधील मुलाला फोन लावला. मुलाचा क्रमांक भारतीय आहे. फोन प्रथम मुलाच्या भारतातील कंपनीकडे जातो. ती आपली घरची वही पाहते. वहीत लिहिलेले असते, की मुक्काम सध्या कुवेतच्या अमुक कंपनीकडे. तिकडे विचारणा होते. कुवेतची कंपनी पाहुण्यांच्या वहीत नाव आहेसे पाहून एक तात्पुरता क्रमांक देते, फक्त या एका फोनापुरता. फोन त्या क्रमांकावर वळतो आणि मुलाच्या खिशात घंटी वाजते. या साऱ्याला काही सेकंद लागतात. उद्या तो बाहरीनला गेला तरी आईने तोच क्रमांक फिरवायचा.

ओळख पटविण्याची रीत त्याहून सुंदर आहे. सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते, आणि तिची जोडीदार घरच्या कंपनीपाशी. ही किल्ली परक्या कंपनीला कधीच दिली जात नाही. घरची कंपनी तिला फक्त एक प्रश्न आणि त्याचे अपेक्षित उत्तर धाडते. परकी कंपनी तो प्रश्न फोनला विचारते; सिमने किल्ली वापरून तेच उत्तर दिले तर माणूस खरा. यजमानाने पाहुण्याची तिजोरी न उघडताच त्याची खातरजमा केली.

बोलणे चालू असतानाची सोपवणूकही या पद्धतीत बदलली. पूर्वी मनोरेच फोनच्या लहरींचे बळ मोजून निर्णय घेत. आता फोनच दर सेकंदाला सुमारे दोनदा भोवतालच्या मनोऱ्यांचा आवाज जोखून सांगतो, की अमक्याचा क्षीण होत आहे, तमक्याचा वाढतो आहे. निर्णय जाळ्याचा, पण साक्ष प्रवाशाची.

तरीही या रचनेत एक विनोदी वैगुण्य राहिले. कुवेतमध्ये भारतीय सिमकार्ड वापरणाऱ्या मुलाला शेजारच्या खाटेवरील कुवेती क्रमांकाच्या मित्राने फोन केला तर तो फोन भारतात जाऊन, वही पाहून, पुन्हा कुवेतला येई. आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे कोणी तरी भरी. वही घरी ठेवल्याची ती किंमत होय.

टेलिफोनवाल्यांचे हे असे चालले असता संगणकवाले याच प्रश्नाशी दुसऱ्या बाजूने झुंजत होते. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राचा जो पत्ता असतो तो एकाच वेळी त्याचे नावही असतो आणि ठिकाणही. यंत्र हलले की पत्ता बदलतो आणि पत्ता बदलला की चालू संभाषण तुटते, कारण समोरच्याला वाटते की हा कोणी निराळाच आला. १९९१ साली कोलंबिया विद्यापीठातील जॉन आयोॲनिडिस व त्यांचे सहकारी यांनी यावर तोड सुचविली, आणि १९९६ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली ‘मोबाइल आयपी’ नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात काय आहे? यंत्राचा कायमचा पत्ता घरचा. तेथे एक प्रतिनिधी बसविलेला. प्रवासातील मुक्कामाचा तात्पुरता पत्ता त्या प्रतिनिधीला कळवायचा. आणि आलेली पत्रे त्याने नव्या पाकिटात घालून पुढे धाडायची. वही आली ती पुन्हा घरचीच! आडवळणाच्या फेरीचे वैगुण्यही सोबत आलेच.

परंतु परका देश आणि परकी कंपनी एवढ्यावर प्रश्न संपत नाही. लहरींच्याच जाती वेगळ्या असतील तर? खोलीपुरते पोचणारे जाळे, इमारतीपुरते जाळे, शहरभर पसरलेले जाळे, यांची घरे एकमेकांशेजारी नसून एकावर एक असतात. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात रॅन्डी कॅट्झ व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास यावर प्रयोग केले. खोलीत अवरक्त किरणांचे जाळे, इमारतीत बिनतारी संगणक-जाळे, आणि शहरात रिकोशे नावाच्या सेवेचे मंद पण दूरवरचे जाळे. या सोपवणुकीला त्यांनी ‘उभी सोपवणूक’ असे नाव दिले. त्यांचे एक निरीक्षण फार मार्मिक आहे. लहान, वेगवान जाळ्यात शिरताना घाई नसते, कारण वरचे मोठे जाळे डोक्यावर असतेच. पण लहान जाळ्यातून बाहेर पडताना पायाखालची फळी अचानक सरकते, आणि तेथेच बोलणे तुटते. म्हणून त्यांनी अनेक मनोऱ्यांकडे मजकुराच्या प्रती आधीच तयार ठेवून पाहिल्या.

घरातील वायफायवर सुरू केलेले बोलणे अंगणाबाहेर पडताच मोबाइलच्या मनोऱ्याने न तोडता उचलावे, हे आपल्या देशात सर्वसामान्यांच्या हाती यावयास डिसेंबर २०१९ उजाडावा लागला. बर्कलीच्या प्रयोगांनंतर वीसहून अधिक वर्षे! विलंबाचे कारण लहरींत नव्हते. वायफायचा मालक एक, मनोऱ्याचा मालक दुसरा. हमी कोणी द्यावी आणि हिशेब कोणी ठेवावा हे आधी ठरावे लागले. या व्यवस्थेत फोन वायफायवरून आपल्या मोबाइल कंपनीच्या एका राखीव दारापर्यंत एक बंदिस्त बोगदा काढतो. त्याचा पत्ता कंपनीच्या आतल्या एका स्थिर दाराशी बांधलेला असतो, आणि तो वायफायवर असो वा मनोऱ्यावर, जगाला ते एकच दार दिसते.

आता या वहीची दुसरी बाजू. जी वही आईचा फोन मुलापर्यंत नेते, तीच वही मुलगा कोठे आहे हे कोणालाही सांगू शकते, जर विचारणाऱ्याला उत्तर देण्याची तिची सवय असेल तर. टेलिफोन केंद्रे एकमेकांशी ज्या सांकेतिक भाषेत बोलतात ती एसएस-७ नावाची भाषा १९८० साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. त्या काळी बोलणारी केंद्रे बहुतेक सरकारी खात्यांची, संख्येने थोडी, एकमेकांना ओळखणारी. विचारणारा कोण, हे तपासण्याची सोय तिच्यात ठेवलीच नाही. शेजाऱ्याने हाक मारली तर कोणी ओळखपत्र मागत नाही, तसेच ते. पुढे जगभर खासगी कंपन्या आल्या, त्यांनी इतरांना प्रवेश विकला, आणि शेजाऱ्यांच्या आळीचा बाजार झाला. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्ग येथील एका परिषदेत टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले, की या भाषेत प्रवेश मिळविलेला कोणीही, केवळ क्रमांकावरून, जगातील एखाद्या माणसाचा ठावठिकाणा काढू शकतो, त्याचे संदेशही अडवू शकतो. फोनला हात लावण्याची गरज नाही. वहीला विचारले की झाले.

नॉर्डिक खात्यांना किंवा कोपनहेगनच्या सह्या करणाऱ्यांना यासाठी दोष द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला ते त्यास पात्र होते. विश्वासाची ती रचना तशीच ठेवून तिच्यात पुढे हजार अनोळखी माणसे कोणी आणून बसविली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तंत्रज्ञांपेक्षा परवाने देणाऱ्यांनी व प्रवेश विकणाऱ्यांनी द्यावयास हवे होते.

दुरुस्ती झाली ती पाचव्या पिढीच्या जाळ्यात. ही पिढी आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रमाणात, फोनने परक्या जाळ्यात शिरताना आपली कायमची ओळख उघड न सांगता ती घरच्या कंपनीलाच उलगडता येईल अशा कुलपात बंद करून पाठविण्याची सोय आहे. शिवाय दोन कंपन्यांच्या सीमेवर एकेक पहारेकरी-द्वार बसविलेले आहे. आलेली विचारणा खरोखर त्या कंपनीची आहे का, आणि तिला हे विचारण्याचा अधिकार आहे का, हे ते द्वार पाहते. आपल्याकडे परदेशी विवाह ठरला की कागदपत्रे दोन्ही धर्मप्रांतांच्या कार्यालयांतून शिक्के घेऊन फिरतात आणि वधूवरांचे आईबाप त्या विलंबाने त्रासून जातात; ते शिक्के टेलिफोनच्या वहीला मिळावयास सुमारे चाळीस वर्षे लागली. आणि अजूनही, नवा फोन जुन्या मनोऱ्याच्या टापूत गेला की तो जुनीच भाषा बोलू लागतो, आणि त्या भाषेत पहारेकरी नाही.